झ्यूस, पण कोणता? बिरुदांच्या मागावरून प्राचीन ग्रीक धर्माचा अभ्यास

इ.स.पू. 399 मध्ये झेनोफोन नावाचा अथेन्सचा सेनानी लाम्प्साकोसच्या बंदरात पोचला, तेव्हा त्याच्या कनवटीला काही उरलं नव्हतं. इराणी साम्राज्याच्या पोटात अडकलेल्या हजारो ग्रीक भाडोत्री सैनिकांना समुद्रापर्यंत सुखरूप आणणारा हा माणूस. आता घरी जायच्या खर्चासाठी त्याला स्वतःचा घोडा विकावा लागला होता. तिथे त्याला एउक्लेइदेस हा जुन्या ओळखीचा शकुन पाहणारा भेटला. बळीच्या जनावराची आतडी पाहून त्याने निदान केलं: ‘झ्यूस मेलिखिओस तुझ्या आड येतोय. तुमच्या घरी मी करायचो तसा, अख्खा जाळायचा बळी त्याला दिलास का?’ झेनोफोन म्हणाला, घर सोडल्यापासून नाही दिला. दुसऱ्या दिवशी त्याने डुकराची पिल्लं आपल्या घराण्याच्या रीतीने पूर्ण जाळून अर्पण केली. त्याच दिवशी पैसे घेऊन माणसं आली, आणि येताना त्यांनी त्याचा पन्नास दारिकांना विकलेला घोडाही सोडवून आणला होता.

ही गोष्ट झेनोफोनने स्वतःच लिहून ठेवली आहे. तिच्यात एक मेख आहे. हाच झेनोफोन मोहिमेवर निघण्याआधी डेल्फीला, अपोलोच्या देववाणीच्या ठिकाणी, जाऊन कोणत्या देवाला बळी द्यावा ते विचारून आला होता, आणि झ्यूस बासिलेउसला, म्हणजे राजा झ्यूसला, त्याने मनोभावे बळी दिले होते. वाटेत सैनिकांपुढे बोलताना कोणीतरी शिंकलं, तेव्हा तो शकुन झ्यूस सोतेरचा, तारणाऱ्या झ्यूसचा, मानून सगळ्यांनी नवस बोलला होता. म्हणजे झ्यूसकडे दुर्लक्ष झालं होतं असं नाही. दोन झ्यूस संतुष्ट होते, तिसरा अडून बसला होता.

ग्रीक धर्म शिकायला मी सुरुवात केली तेव्हा वहीत बारा रकाने आखले होते. झ्यूस आकाशाचा, पोसायडन समुद्राचा, अथेना बुद्धीची, अफ्रोडाइटी प्रेमाची. सरकारी खात्यांसारखी वाटणी. त्या तक्त्यात झेनोफोनची गोष्ट कुठेच बसेना. गोष्ट चुकीची नव्हती, तक्ताच चुकीचा होता. ग्रीक माणूस पूजेला उभा राहायचा तो नुसत्या ‘झ्यूस’पुढे क्वचितच, बहुतेक वेळा नावाला एक बिरुद जोडलेलं असे. ग्रीकमध्ये त्याला एपिक्लेसिस म्हणतात. अभ्यासाचं एकक हे बिरुद धरलं की धर्म जमिनीवर दिसू लागतो: कुठल्या गावात, कुठल्या वेदीवर, कोणी, काय कापलं आणि त्याचं मांस कोणी खाल्लं.

हे काम घरबसल्या कसं करायचं, ते पुढे सांगतो. ग्रीक येत नसेल तरी निम्मी वाट चालता येते. लिपी मात्र आठवडाभर बसून शिकून घ्या. चोवीस अक्षरं आहेत, आणि मराठी माणसाला एक फायदा आहे. थीटा, फाय, खाय या अक्षरांचे अभिजात काळातले उच्चार महाप्राण होते, म्हणजे आपले थ, फ, ख. इंग्रजी पुस्तकांना जे दोन-दोन अक्षरं जोडून लिहावं लागतं, ते देवनागरीत एका अक्षरात नेमकं बसतं. प्रसिद्ध देवांची नावं मराठीत रुळली आहेत तशीच ठेवावीत, बिरुदं मात्र ग्रीक अक्षरांवरून लिहावीत.

पायरी 1: देव नको, एक बिरुद निवडा

‘मी अपोलोचा अभ्यास करणार’ असं ठरवलंत तर बुडालात. ‘अपोलो अगिएउस’ निवडा. हा रस्त्यावरचा अपोलो. घराच्या दारापुढे निमुळत्या दगडी खांबाच्या रूपात उभा असायचा. एवढासा विषय महिनाभर पुरतो.

निवडताना एक चाळणी लावायची, आणि ती इ.स.च्या दुसऱ्या शतकात ग्रीसभर हिंडून दहा भागांचं प्रवासवर्णन लिहिणाऱ्या पावसानिआसनेच आपल्याला दिली आहे. पोसायडनबद्दल लिहिताना तो नावांचे तीन ढीग करतो: कवींनी ओळी सजवायला वापरलेली, एखाद्या गावापुरती असलेली, आणि सगळीकडे चालणारी. तिसऱ्या ढिगात तो पेलागाइओस (सागराचा), आस्फालिओस (स्थैर्य देणारा) आणि हिप्पिओस (घोड्यांचा) ही नावं घालतो. आस्फालिओस लक्षात ठेवा. भूकंपाच्या देशात पाया टिकवून धरण्यासाठी जमीन हलवणाऱ्या देवालाच साकडं घालावं लागतं. ‘समुद्राचा देव’ या रकान्यात हे कधीच आलं नसतं.

कवींचा ढीग सुरुवातीला बाजूला ठेवा. होमर झ्यूसला ‘ढग गोळा करणारा’ म्हणतो, अथेनाला ‘चमकत्या डोळ्यांची’ म्हणतो. ही विशेषणं छंदाच्या सोयीची आहेत. या नावाची वेदी शोधायला जाऊ नका. पण भिंत पक्की नाही. ‘इलियड’च्या पहिल्याच सर्गात पुजारी अपोलोला ‘स्मिन्थेउस’ म्हणून हाक मारतो. उंदरांशी नातं असलेलं हे बिरुद कवितेत आहे, आणि ट्रॉयभोवतालच्या त्रोआस प्रदेशाच्या किनाऱ्यावर अपोलो स्मिन्थेउसचं देऊळही होतं.

पायरी 2: नोंदीचं कार्ड

सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. बिरुद जिथे जिथे सापडेल, तिथल्या प्रत्येक उल्लेखाला एक कार्ड. वही, एक्सेल, काहीही चालेल. कार्डावर लिहायचं ते असं:

नाव, मूळ लेखात आहे त्याच क्रमाने आणि त्याच विभक्तीत.
गाव, आणि गावातली जागा: डोंगर, बाजार, घराचं अंगण.
काळ. निदान शतक तरी.
पुरावा कशावर आहे: दगड, शिसं, नाणं की ग्रंथ.
कोण बोलतंय: नगरराज्य, गाव, कुटुंब, एकटी बाई, प्रवासी.
काय दिलं आणि त्याचं पुढे काय झालं.

शेवटचा मुद्दा लोक गाळतात आणि पस्तावतात. अथेन्सच्या मुलखातल्या एर्खिआ या गावाने इ.स.पू. चौथ्या शतकात आपल्या वर्षभराच्या बळींचा खर्च पाच स्तंभांत दगडावर कोरून ठेवला. महिना, दिवस, देव, जागा, जनावर, किंमत. हिशेबाची वही म्हणा ना. त्या एका गावात झ्यूस किती? पोलिएउस म्हणजे गडाचा, होरिओस म्हणजे शिवेचा, ह्यमेट्टोस डोंगरावर एपाक्रिओस म्हणजे शिखरावरचा, लग्नसिद्धीचा तेलेइओस, वरून पाहणारा एपोपेतेस, आणि मेलिखिओस. एपोपेतेसला तीन द्राख्माचं डुकराचं पिल्लू, तेही अख्खं जाळून. काही बळींपुढे शेरा आहे, ‘न्यायचं नाही’: म्हणजे मांस तिथेच खाऊन संपवायचं, घरी बांधून न्यायचं नाही. काहींपुढे ‘मद्याशिवाय’. पुराणकथेत झ्यूस एकच असेल. गावच्या खर्चात त्याचे सहा वेगळे हिशेब आहेत.

पायरी 3: कुठे शोधायचं

दगड आधी, ग्रंथ नंतर. पॅकार्ड ह्यूमॅनिटीज इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर ग्रीक कोरीव लेखांचा मोठा साठा मोफत शोधता येतो. अथेन्सच्या लेखांचे इंग्रजी अनुवाद ‘अ‍ॅटिक इन्स्क्रिप्शन्स ऑनलाइन’वर आहेत, ग्रंथांसाठी ‘पर्सिअस’. फ्रान्समध्ये तुलूझच्या विद्यापीठात तर ग्रीक आणि पश्चिम सेमिटिक जगातल्या देवनामांवरच एक मोठा प्रकल्प झाला; त्याचा माहितीकोश बिरुदांनुसार चाळता येतो.

शोधताना नवशिक्यांना दोन ठेचा लागतात. पहिली विभक्तीची. अर्पणलेखात देव बहुधा चतुर्थीत असतो, ‘झ्यूसला’. ते रूप ‘दिइ’ असं होतं, षष्ठीत ‘दिओस’; ‘झ्यूस’ शोधत बसलात तर हाती फारसं लागणार नाही. दुसरी ठेच बोलींची. प्रमाण ग्रंथांतला मेलिखिओस दगडावर पुष्कळदा मिलिखिओस असतो. अपोलो डोरिक बोलीत अपेल्लोन होतो, पोसायडन पोतेइदान. अथेना जुन्या अथेन्समध्येच अथेनाइआ म्हणून कोरलेली आहे. म्हणून शोधायला बसण्याआधी आपल्या बिरुदाची सगळी रूपं एका कागदावर लिहून काढा.

पायरी 4: एक बिरुद शेवटपर्यंत

आता मेलिखिओसलाच घेऊ. शब्दाचा अर्थ सौम्य, मनवता येण्याजोगा. ज्याच्या रागाची भीती असते त्याला शांत नावाने हाक मारायची, हा प्रकार समजवायला मराठी वाचकाला फार शब्द लागू नयेत.

पहिलं कार्ड झेनोफोनचं: पैशांची अडचण, घराण्याची रीत, पिल्लं पूर्ण जाळलेली. दुसरं कार्ड इतिहासकार थुसिडिडीजचं. इ.स.पू. सातव्या शतकात किलोन नावाच्या ऑलिंपिकविजेत्याला अथेन्सची सत्ता बळकवायची होती. डेल्फीने सांगितलं, झ्यूसच्या सर्वांत मोठ्या सणाला गड घे. किलोनला वाटलं, सर्वांत मोठा सण म्हणजे ऑलिंपियाचा. शिवाय आपण तिथले विजेते. त्याने त्या मुहूर्तावर अक्रोपोलिस घेतलं आणि वेढ्यात सापडला. तो स्वतः निसटला, त्याचे साथीदार मारले गेले. थुसिडिडीज शांतपणे नोंदवतो की अथेन्समध्येही दिआसिआ नावाचा सण आहे, तो झ्यूस मेलिखिओसचा सर्वांत मोठा सण म्हटला जातो, आणि तो शहराबाहेर होतो. कुठला झ्यूस, हे नीट न विचारल्याची किंमत.

तिसरं कार्ड आरिस्टोफनीसच्या ‘क्लाउड्स’ या प्रहसनातून. त्यातला म्हातारा स्ट्रेप्सिआदेस सांगतो की दिआसिआला नातेवाइकांसाठी भरलेली आतडी भाजताना तिला चीर द्यायला विसरलो, ती फुगली आणि फुटून तोंडावर उडाली. आणखी एका ठिकाणी तो मुलाला आठवण करून देतो की ज्युरीच्या कामाचा पहिला ओबोल मिळाला तेव्हा दिआसिआला तुला खेळण्यातली गाडी घेऊन दिली होती. म्हणजे गंभीर, धास्तीच्या देवाच्या सणात नातेवाईक, स्वयंपाक आणि खेळणी आहेत.

चौथं कार्ड दगडी. अथेन्सच्या पिराइएउस बंदरातून चौथ्या शतकातले अर्पणपट मिळाले आहेत. त्यावर ‘झ्यूस मेलिखिओसला’ असं कोरलेलं आहे, आणि खाली चित्रात दाढीवाला झ्यूस नाही, वेटोळं घालून फणा उभारलेला मोठा साप आहे. काही पटांवर मात्र तोच देव सिंहासनावर बसलेला माणूस आहे, समोर एक कुटुंब हात वर करून उभं. पाचवं कार्ड सिसिलीतल्या सेलिनूसचं. तिथे मेलिखिओसच्या आवारात उभे केलेले दगड आहेत, आणि पाचव्या शतकातल्या एका शिशाच्या पत्र्यावर शुद्धीकरणाचे नियम लिहिताना ‘मिस्कोसच्या जागेतला मेलिखिओस’, ‘एउथिदामोसच्या जागेतला’ असे उल्लेख येतात. देवाच्या ओळखीला माणसाचं, बहुधा घराण्याच्या मूळपुरुषाचं, नाव जोडलं गेलं आहे. सहावं कार्ड पुन्हा एर्खिआचं: दिआसिआच्या दिवशी गावाच्या खर्चाने शहराकडे जाऊन, तटाबाहेरच्या आग्राइ इथे, मेंढी. आतडी भाजून होईपर्यंत मद्य वर्ज्य, पुढे चालतं.

कार्डं टेबलावर मांडा आणि घाई न करता पाहा. सारखं काय? बहुतेक ठिकाणी घर किंवा घराणं आहे. वेगळं काय? एकीकडे बळी पूर्ण जाळला जातो, दुसरीकडे खाल्ला जातो. शंभरेक वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत याचं सोपं उत्तर असे: वर आकाशाचे देव, खाली पाताळाचे; साप म्हणजे पाताळ, पाताळ म्हणजे पूर्ण जाळणं; आणि मेलिखिओस हा मूळचा सापदेव, त्याला झ्यूसचं नाव मागून चिकटलं. कार्डं हे इतकं सरळ सांगत नाहीत. एर्खिआच्या मेंढीसमोर हा सिद्धांत अडखळतो. माझं मत विचाराल तर मेलिखिओस हे जागेचं वर्णन नाही, नात्याचं आहे: घराण्याने ज्याच्याशी हिशेब चुकता ठेवायचा, तो झ्यूस. सेलिनूसच्या नावांमुळे मला ते पटतं, पण सहा कार्डांवर कोणी पैज लावू नये. तुमच्याकडे साठ जमली की मला खोडून काढा.

पायरी 5: आता एका जागेवर उभे राहा

एका बिरुदामागे गावोगाव हिंडून झालं की उलटं करायचं: एकच जागा, एकच देव, सगळी बिरुदं. अथेन्सचा अक्रोपोलिस यासाठी उत्तम.

तिथली मानाची अथेना म्हणजे पोलिआस, गडाची. तिची जुनी मूर्ती ऑलिव्हच्या लाकडाची होती, आणि पानअथेनाइआ सणात विणलेलं वस्त्र अर्पण व्हायचं ते तिला. तिची पुजारीण एतेओबुतादाइ या एकाच घराण्यातली. लिसिमाखे नावाच्या पुजारिणीने चौसष्ट वर्षं सेवा केल्याची नोंद आहे. त्याच टेकडीच्या पश्चिम बुरुजावर अथेना निके, विजयाची. पाचव्या शतकातल्या एका ठरावाने तिची पुजारीण सगळ्या अथेनियन स्त्रियांमधून निवडायचं ठरलं. तिला वर्षाला पन्नास द्राख्मा, शिवाय सार्वजनिक बळींच्या तंगड्या आणि कातडी. मिर्रिने नावाच्या बाईच्या स्मृतिलेखात, आपण चिठ्ठीने निवडली गेलेली निकेची पहिली पुजारीण, असा अभिमान आहे. म्हणजे काही पावलांच्या अंतरावर एकाच देवीच्या दोन व्यवस्था: एक वंशपरंपरेची, एक लोकशाहीची. आणि जगाला माहीत असलेली पार्थेनॉनमधली फिडिआसची सोन्या-हस्तिदंताची अथेना? इ.स.पू. 438 मध्ये ती प्रतिष्ठित झाली, पण तिच्यासाठी वेगळी पुजारीण होती असा पुरावा नाही. पर्यटकांच्या रांगेवरून पूजेचा अंदाज बांधू नये तो असा.

चौथी, अथेना हिगिएइआ, आरोग्याची. चरित्रकार प्लुटार्क सांगतो की प्रोपिलाइआ, म्हणजे गडाचं प्रवेशद्वार, बांधताना एक कारागीर उंचावरून पडला, देवीने अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या स्वप्नात येऊन उपचार सांगितला, तो बरा झाला आणि पेरिक्लीसने ही मूर्ती उभारली. मूर्तीचा चौथरा आजही जागेवर आहे. त्यावर कोरलं आहे: अथेनियनांनी अथेना हिगिएइआला, बनवणारा पिर्रोस. पेरिक्लीसचं नाव नाही. दोन्ही नोंदी कार्डावर घ्या, पण वेगवेगळ्या कार्डांवर.

मग या चार देवी की एक? ग्रीकांनाही हा प्रश्न पडायचा. झेनोफोनच्याच ‘सिंपोझिऑन’मध्ये सॉक्रेटिस म्हणतो की अफ्रोडाइटी एक आहे की उरानिआ आणि पान्देमोस अशा दोन, मला माहीत नाही, कारण झ्यूसही एकच मानला जातो आणि त्याची बिरुदं पुष्कळ आहेत, पण दोघींच्या वेद्या, देवळं आणि बळी वेगळे आहेत एवढं मला ठाऊक आहे. अभ्यासकाने इतकीच भूमिका घ्यावी. एक की अनेक, हा वाद सोडवायचा नसतो. कोण कुठल्या वेळी एक धरतं आणि कुठल्या वेळी वेगळं, ते टिपायचं असतं.

पायरी 6: काळाची शिडी

1952 मध्ये मायकल व्हेंट्रिसने लिनिअर बी, म्हणजे कांस्ययुगातली ग्रीक भाषा लिहिण्याची लिपी, उलगडली आणि ग्रीक देवनामांचा पुरावा एकदम होमरच्या शतकानुशतकं मागे गेला. मातीच्या त्या पाट्या म्हणजे राजवाड्यांचे साठेखात्याचे कागद. क्रीटमधल्या क्नोसोसच्या एका पाटीवर फक्त दोन ओळी: सर्व देवांना मध, एक घडा, चक्रव्यूहाच्या स्वामिनीला मध, एक घडा. सगळ्या देवांना मिळून जेवढा मध, तेवढा एकट्या या बाईंना! झ्यूस, हेरा, पोसायडन तिथे आहेत. डायोनिसस हा उशिरा आलेला परका देव असं विद्वान ठामपणे लिहीत असत. पाट्यांवर त्याचंही नाव निघालं.

पण या पायरीवरची खरी गंमत बिरुदांत आहे. पाट्यांवर पाइआवोन आणि एनुआलिओस हे स्वतंत्रपणे नैवेद्य घेणारे देव दिसतात. पुढच्या काळात पाइआन हे अपोलोचं बिरुद होतं आणि एनिआलिओस युद्धदेव आरेसचं. स्पार्टातही तसंच: सुरुवातीच्या अर्पणांवर देवी नुसती ‘ओर्थिआ’ आहे, आर्टेमिस हे नाव रोमन काळातल्या लेखांत पुढे जोडलेलं दिसतं. तेव्हा बिरुद म्हणजे नेहमी मोठ्या देवाचं विशेषण नसतं. कधी ती एका जुन्या, लहान देवाची राहून गेलेली पाटी असते. प्रत्येक कार्डावर काळ लिहायला सांगितला तो यासाठी.

पायरी 7: माणसांची नावं

देवांची नावं माणसांनीही धारण केली. हेरोडोटस म्हणजे हेराने दिलेला, आर्टेमिडोरस म्हणजे आर्टेमिसची देणगी, केफिसोदोतोस म्हणजे केफिसोस नदीने दिलेला. शेवटचा ‘दोतोस’ आणि आपला ‘दत्त’ हे एकाच मूळ धातूचे सख्खे भाऊ आहेत. ग्रीक व्यक्तिनामांचा मोठा कोश ऑक्सफर्डमध्ये तयार होतो आहे आणि तो ऑनलाइन चाळता येतो. कुठल्या प्रदेशात कुठल्या देवाची नावं दाट आहेत ते पाहा. पाताळाच्या हेडीसवरून पोराचं नाव ठेवायला मात्र कोणी धजावत नव्हतं.

या पुराव्याची ताकद माल्टातल्या एका जोडीत दिसते. इ.स.पू. दुसऱ्या शतकातले दोन संगमरवरी स्तंभ, दोन्हींवर तोच मजकूर फिनिशियन आणि ग्रीकमध्ये. फ्रेंच विद्वान बार्थेलेमीने 1758 मध्ये त्यांच्याच आधारे फिनिशियन लिपी वाचली. अर्पण करणारे दोघे भाऊ. फिनिशियनमध्ये देव आहे ‘आमचा स्वामी, तीरचा (टायर शहराचा) धनी मेल्कार्त’. ग्रीकमध्ये तोच ‘हेराक्लीस आर्खेगेतेस’, म्हणजे वसाहतीचा आद्य पुढारी. नुसतं नाव बदललेलं नाही. ‘तीरचा धनी’ हे नातं ग्रीकांना कळेल अशा बिरुदात बसवलं आहे. आणि भावाचं नाव? फिनिशियनमध्ये अब्दोसिर, ओसिरिसचा दास. ग्रीकमध्ये डायोनिसिओस. का, तर इजिप्तचा ओसिरिस म्हणजे आपला डायोनिसस असं ग्रीक मानत; इतिहासकार हेरोडोटसने ते स्पष्ट लिहिलं आहे. देवांचं हे भाषांतर इतकं मुरलं होतं की माणसाच्या नावातही ते आपोआप चाले.

असेच नमुने आपल्याकडे आहेत, आणि ते बघायला विमान लागत नाही. विदिशाजवळ बेसनगरचा गरुडस्तंभ उभारणारा तक्षशिलेचा राजदूत हेलिओडोरस, म्हणजे हेलिऑसची, सूर्यदेवाची देणगी. पण स्तंभ आहे देवाधिदेव वासुदेवाचा, आणि हा स्वतःला भागवत म्हणवतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत 17 क्रमांकाचं लेणं एका यवनाने (त्या काळी ग्रीकांना हा शब्द) खोदवलं: उत्तरेकडच्या दात्तामित्रीचा, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. स्वतः यवन, नावात दोन वैदिक देव, दान बौद्ध भिक्खूंना. म्हणून माणसाचं नाव हा घरातल्या, फार तर आजोबांच्या पिढीतल्या श्रद्धेचा पुरावा. त्याच्या स्वतःच्या भक्तीबद्दल त्यावरून काही बोलू नये.

पायरी 8: व्युत्पत्ती, सगळ्यात शेवटी

आपल्याकडे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. झ्यूस म्हणजे वैदिक द्यौस्, हे शंभर टक्के बरोबर. ‘द्यौष्पितर्’ आणि रोमनांचा जुपिटर हे एकाच घडणीचे. पहाटेची एओस आणि उषस् याही नात्यातल्याच. पण हा आनंद ओसरला की स्वतःला विचारा: यातून एर्खिआतला शिवेचा झ्यूस किंवा पिराइएउसचा साप समजला का? मूळ शब्दाचा अर्थ ‘उजळ आकाश’ असला, तरी हजार वर्षांनंतर घरातल्या कोठीत मडक्याच्या रूपात पुजला जाणारा झ्यूस क्तेसिओस, मालमत्तेचा राखणदार, आकाशाकडे बघतही नाही.

शिवाय ही जमीन निसरडी आहे. वरुण आणि उरानोस एकच, असं जुन्या पुस्तकांत ठासून लिहिलेलं असायचं; ते समीकरण आता मोडीत निघालं आहे. अथेना या नावाची खात्रीशीर ग्रीक व्युत्पत्ती लागत नाही. अफ्रोडाइटी फेसातून जन्मली म्हणून अफ्रोडाइटी, हे कवी हेसिओडचं स्पष्टीकरण. भाषाशास्त्राच्या रकान्यात ते घालू नका; ‘ग्रीकांनी आपल्या देवीचं नाव कसं समजून घेतलं’ या रकान्यात मात्र ते अमूल्य आहे. प्लेटोचा ‘क्रॅटिलस’ अशा व्युत्पत्तींनी भरलेला आहे. त्यातल्या कितीकांवर तो स्वतः हसत होता, यावर विद्वान अजून भांडतात. पण त्याच संवादात सॉक्रेटिस म्हणतो की देवांची खरी नावं आपल्याला माहीत नाहीत, तेव्हा प्रार्थनेत करतो तसं, त्यांना आवडेल त्या नावाने हाक मारावी.

नाव नसेल तेव्हा

शेवटचा एक कप्पा रिकाम्या कार्डांसाठी ठेवा. आर्केडियातल्या लिकोसूरा इथे एका देवीला सगळे ‘देस्पोइना’, बाईसाहेब, म्हणत. पावसानिआस एरवी देवाचं नाव, मूर्तिकार, लाकडाची जात, सगळं सांगतो. इथे तो लिहितो की दीक्षा न घेतलेल्यांसाठी तिचं खरं नाव लिहायला मला भय वाटतं. सामोथ्राकी बेटावरचे देव लेखांत नुसते ‘महान देव’. एलेउसिसच्या काही अर्पणांवर ‘देव’ आणि ‘देवी’ एवढंच. अशी जागा भेटली की बाहेरच्या ग्रंथातून नाव आणून ती भरायचा मोह होतो. भरू नका. ‘नाव घेतलेलं नाही’ अशी नोंद करा, आणि कोणी घेतलं नाही तेही लिहा.

सुरुवातीसाठी बिरुद सुचत नसेल तर ऑलिंपियातला झ्यूस अपोमिइओस घ्या, माश्या हाकलणारा. भर उन्हाळ्यात, शेकडो जनावरांच्या रक्तामांसात चाललेल्या सणात माश्यांनी पिडलेल्या हेराक्लीसने त्याला पहिला बळी दिला आणि माश्या आल्फेइओस नदीपार गेल्या, अशी तिथली कथा. एलिसचे लोकही पुढे तसाच बळी देत. पावसानिआसचा पाचवा भाग, चौदावा अध्याय. पहिलं कार्ड तिथून भरा.